ओळख पटवणारी बाई पाहिजे

उन्हाळ्याची सुट्टी संपली आणि फूलबागेजवळच्या मुलींच्या शाळेत शामलाबाईंनी हजेरीपटावर सही केली, "पद्मा आठल्ये." हौसेने नव्हे, सासूच्या धाकाने. वैशाखात लग्न झाले तेव्हा बळवंतरावांनी ताटातल्या तांदळात अंगठीने हेच नाव लिहिले होते. आडनाव बदलणारच होते. पण नावही बदललेच पाहिजे, हा हट्ट सासूबाईंचा, म्हणजे विजयाबाईंचा.

सही पाहून मुख्याध्यापिका सुलोचनाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, दाखले सगळे शामला फणसळकरचे! संस्थानच्या दरबारात पद्मा आठल्ये कोणाला माहीत? उद्या संध्याकाळपर्यंत कचेरीतून दोघी एकच असल्याचं लिहून आणा. नाही तर जागा दुसरीला जाईल. माझ्या हातात काही नाही हो."

वडील गेल्यावर शामला या नोकरीच्याच जोरावर उभी राहिली होती. नोकरी सोडणार नाही, या एकाच अटीवर तिने लग्नाला होकार दिला होता.

ती नवऱ्याला घेऊन तशीच कचेरीत गेली. मुन्शीजींनी बळवंतरावांकडे पाहिलेसुद्धा नाही. "औरत की शिनाख्त औरत ही करेगी. सास को लाइए."

सुनेची ओळख पटवायला विजयाबाई कुरकुरत आल्या. सुनेची नोकरी त्यांना मुळातच नको होती. पण घरातल्या माणसाला कोणी खोटे ठरवावे हेही खपणारे नव्हते.

"नाम?"

"विजयाबाई आठल्ये."

"जन्म से यही है?"

"असं कसं असेल? शादी के बाद का है!"

मुन्शीजींनी लेखणी खाली ठेवली. "माताजी, आप तो खुद बदली हुई हैं. पहले अपनी शिनाख्त कराइए, फिर बहू की."

विजयाबाईंचा पारा चढला. "ठहरो! कल हमारे दाना ओली की सगळ्या बायका लेके आती!"

आणि आणल्या. दुसऱ्या दिवशी टांगे भरून गल्लीतल्या बायका कचेरीपुढे उतरल्या. उषाताई माहेरच्या कृष्णा निघाल्या, शालिनीताई द्वारका, शरयू मनू. शाळा सोडून धावत आलेल्या सुलोचनाबाईसुद्धा जन्माच्या भागीरथी. मुन्शीजी एकेकीला बाजूला बसवत गेले आणि शेवटी हताश होऊन म्हणाले, "पूरी गली में एक भी औरत अपने नाम की नहीं?"

"हैं ना," उषाताई म्हणाल्या, "पण त्या अजून परकर नेसतात. उनका लग्न नहीं हुआ."

"नाबालिग नहीं चलेंगी."

मुन्शीजी माणूस वाईट नव्हता, कायदा तेवढा वाईट होता. त्यांनी विजयाबाईंना जवळ बोलावले. "माताजी, आप ही का रास्ता निकालते हैं. मायके का नाम बताइए."

विजयाबाईंचा घरादारावर चालणारा आवाज कुठे गेला कोण जाणे. "यमू," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मुन्शीजींना पुन्हा विचारावे लागले.

"इस नाम से आपको पुकारने वाला कोई है? माँ, बहन, सहेली?"

विजयाबाईंनी जमलेल्या बायकांकडे पाहिले. चाळीस वर्षे शेजारी राहिलेल्या त्या बायका हे नाव आज पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"सगळी प्लेगात गेली," त्या म्हणाल्या. "कोई नहीं है."

मुन्शीजींनी मान खाली घालून अर्ज नामंजूर केला. सुलोचनाबाई शामलाच्या पाठीवरून हात फिरवून शाळेकडे वळल्या. जागा गेली.

टांग्यात शामला ढसाढसा रडली. एरवी "रस्त्यात रडू नये" म्हणून दटावणाऱ्या विजयाबाईंनी सुनेचा हात धरला आणि सराफा बाजार मागे पडला तरी सोडला नाही.

बळवंतराव दारातच उभे होते. "झालं का काम?"

"शामला गेली," विजयाबाई म्हणाल्या.

बळवंतराव समोर उभ्या असलेल्या बायकोकडे बघतच राहिले. "आई, काय बोलतेस?"

"आणि यमूही गेली. तिला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मला आज कळलं."

"यमू कोण?"

विजयाबाईंनी पोटच्या पोराकडे क्षणभर पाहिले.

"होती एक, माझ्या माहेरची," त्या म्हणाल्या. "बंब पेटव. दोघींच्या नावानं आंघोळ करायचीय."