इनाससरांचं शेवाळ

इनाससर कुणाच्याही घरी गेले की आधी विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ नखाने खरवडून हुंगत, मग यजमानांची विचारपूस करीत. सांडोरला आम्ही शेजारी आणि एकाच शाळेत शिक्षक. ते भूगोल शिकवायचे, पण त्यांचा सगळा जीव ओटीवरच्या काचेच्या पेटीत. काचा स्वतः चिकटवलेल्या, आत राजोडीच्या किनाऱ्यावरच्या खडकांतले रंगीत मासे. रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपली की सर सायकलला डबे बांधून समुद्राचं पाणी आणायला निघत. केळीच्या वाडीतून वाजत जाणारे ते डबे आठवले की अजून बरं वाटतं.

पेटीत शेवाळ माजायचं, आणि सरांनी त्याला शाळेतली नावं ठेवली होती. तपकिरी पातळ थर म्हणजे इन्स्पेक्टर. "लक्ष द्यायचं नाही. येतो तसा जातो." हिरवं केसाळ म्हणजे पालक. "हाताने उपटायचं, वर खडकावरच्या गोगलगाई सोडायच्या." लाल बुळबुळीत म्हणजे हेडमास्तर. त्यावर गोणपाट टाकून काही दिवस अंधार करायचा. हा उपाय ते हेडमास्तरांनाही समजावून सांगत.

एका वर्षी मात्र पालक हटेनात. सर रोज बाह्या सरसावून उपटत, पुन्हा जंगल. मासे मरू लागले. सर कधी उन्हाला दोष देत, कधी पाण्याला, आणि नवे मासे धरून आणत.

एका दुपारी मी वर्तमानपत्र मागायला गेलो. सरांच्या पत्नी सेलीनबाई पेटीत मूठभर भात टाकत होत्या. अलीकडे त्यांना विसर पडायचा, मला त्या पोस्टमन समजत. हात पुसून बसल्या, जरा वेळाने उठल्या, आणि "पोरं उपाशी हात," म्हणत पुन्हा भात टाकला.

मी मोठ्या उत्साहाने सरांना वाडीत गाठलं. "सर, कारण सापडलं. बाई भात घालतात, तो पाण्यात कुजतो. पेटीला झाकण लावा."

"ठाऊक आहे मला," सर म्हणाले. "लावलं होतं एकदा. दिवसभर झाकणापाशी रडत बसली." मग खाली बघत म्हणाले, "अरे, ती माझं नावसुद्धा विसरली. पण घरात कुणाला तरी जेवू घालायचंय, एवढं तिच्या ध्यानात आहे. तेवढंही काढून घेऊ?"

पुढच्या रविवारी सर निघाले तेव्हा मीही माझी सायकल काढली आणि त्यांचे दोन डबे माझ्या कॅरिअरला बांधले.