पीचची थंडी

झोपायच्या खोलीत एसी घरघरत होता. बायको बैठकीतल्या आखूड सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिचे यजमान, गणिताचे निवृत्त प्राध्यापक, झोपायच्या खोलीच्या दारात उभे राहून पलंगावरच्या कुंडीकडे आजारी लेकराकडे पाहावे तसे पाहत होते. कुंडीत पीचचे रोप होते. पलंगाच्या त्या बाजूला एरवी ती झोपत असे.

"मान बघा माझी, वळत नाही," ती शेवटी म्हणाली. "मला माझा पलंग हवाय."

"थंडीशिवाय पीच फुलत नाही गं."

"रोपवाटिकावाला माझ्यासमोर म्हणाला, ही जात गरम हवेसाठीच काढलीये. गच्चीवरचा गारवा पुरतो हिला."

"थोड्या थंडीत एवढी फुलते, तर जास्त थंडीत किती फुलेल! साधं त्रैराशिक आहे."

आणि दुर्दैव असे, की रोप फुलले. निष्पर्ण काटक्यांवर गुलाबी फुले उमलली, फार दिवस दाबून ठेवलेल्या कबुलीसारखी. तीही क्षणभर विरघळली.

"छान आहेत हो. न्या आता वर."

"उन्हानं करपतील!"

"मग फळ कसं धरणार? मधमाश्या येणारेत का तुमच्या एसीत?"

तिने टोमणा मारला. त्यांनी सूचना मानली. खिडकी सताड उघडली, चौकटीपासून कुंडीपर्यंत चादरीवर साखरपाणी शिंपडले. दुपारी समोरच्या छज्ज्याखालचे अख्खे पोळे पाहुणचाराला आले. गारठ्याने माश्या सुस्तावल्या आणि ऊब शोधत रजईत, अभ्र्यात, शेवटी प्राध्यापकांच्या पायजम्यात शिरल्या.

"अगं, धाव!"

"का? त्रैराशिक चुकलं?"

ते लंगडत बाहेर आले, दार ओढून घेतले आणि कसेबसे सोफ्याच्या काठावर टेकले. एक कान पुरीसारखा फुगला होता. तिने चिडचिडतच कानाला बर्फ लावला.

"आता तरी हलवा ती कुंडी. मी साफ करते खोली."

प्राध्यापक सोफा वितीने मोजत होते.

"हा इथून काढला ना," ते हळूच म्हणाले, "तर एक नेक्टरिन सहज मावेल. बिनलवेचं पीच असतं ते. बैठकीत एसी बसवून घेऊ. काय म्हणतेस?"

तिने बर्फाची पिशवी त्यांच्या हातात दिली, उशी काखोटीला मारली, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरू लागली.