आळणी पाण्यात कुणी पोहतं का?

आमच्या खाडीकाठी पोर चालायच्या आधी पोहतं. मी चौथीत शाळा सोडली ती भरतीची वेळ आणि शाळेची वेळ एकच पडायची म्हणून. तेव्हा तिन्ही नातवंडांना एका शुक्रवारात पोहायला शिकवते, असं मी रियाधला, मलाझ मोहल्ल्यातल्या घरात मुलाला ठणकावून सांगितलं, ती काही फुशारकी नव्हती. मला तसं वाटलंच होतं.

गोष्ट अशी की गेल्या बकरी ईदेला गावी माझा मधला नातू तल्हा धक्क्यावरून खाडीत पडला. पाणी कमरेएवढं, पण हा नऊ वर्षांचा घोडा त्यातही असा बुडाला की दोन खलाशांनी मानेला धरून काढला. तेव्हापासून माझ्या नबीलने फर्मान काढलं, पोरांना पोहता येत नाही तोवर गाव बंद. आता ईद पुन्हा तोंडावर आली. पोरंच येणार नसतील तर गावचं घर उघडून मी काय वाळवीशी गप्पा मारू?

इथे शहराबाहेर इस्तिराहा असतात. म्हणजे उंच भिंतीआडची वाडी समजा. खजुरी, हिरवळ, मधे पोहायची टाकी. दिवसाच्या भाड्याने मिळते, बायकांना मोकळं वावरता येतं. तशी एक नबीलने घेतली आणि तो जुम्म्याच्या नमाजाला गेला. सून मेहनाज दवाखान्यात नर्स, रात्रपाळी करून आलेली, ती आत झोपली. मैदान माझं.

तीन वयं, तीन तऱ्हा. धाकटी इनाया तीन वर्षांची, तिला पोटाखाली हात धरून सोडायची. तल्हाच्या कमरेला असोले नारळ बांधायचे. थोरली उझमा चौदाची, तिला नुसतं लाजवायचं. त्या वयात पोरी लाजेवर तरंगतात.

इनायाच्या पोटाखालचा हात काढला, ती वरवंट्यासारखी खाली गेली. उचलली तर माझ्या थोबाडीत मारली. असोले नारळ रियाधला कुठले? दुकानात मिळतात ते सोलून, घासून, नवरदेवासारखे गुळगुळीत केलेले. तेच बांधले. नारळ तरंगले, तल्हा नाही. उझमा काठावर पाय सोडून बसलेली. तिला म्हटलं, तुझ्या वयाची असताना मी खाडी पोहून पलीकडे जायचे.

"व्हाय, दादी? ब्रिज नव्हता?"

ही माझी लाजणारी.

मी हताश होऊन ओंजळभर पाणी तोंडावर मारलं, थोडं जिभेवर आलं, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. पाणी आळणी! पोरांचा दोषच नाही. खारं पाणी माणसाला उचलून धरतं, गोडं गिळतं, हे आमच्याकडे रांगणाऱ्यालाही ठाऊक. इथल्या शिकलेल्यांनी एवढाली टाकी बांधली आणि मीठ घालायला विसरले.

माझा भाचा इब्राहीम मासळीच्या घाऊक बाजारात कामाला. तो तेवढ्यात बिर्याणीचं पातेलं पोचवायला पिकअप घेऊन आला. मागे मासे खारवायच्या जाड्या मिठाची पोती. मी म्हटलं, ओत. तो म्हणाला, मावशी, हे बरं नाही. मी म्हटलं, लहानपणी तुझं नाक मी पुसलंय, ओत.

एक पोतं ओतलं, झाडूने ढवळलं, चाखलं. आळणी. दुसरं ओतलं. सारात घालावं तसं अंदाजाने घालत गेले. सगळी पोती संपली तेव्हा कुठे चव लागली, आणि त्या चवीत सुरमईही होती, कारण पोती बाजारातली.

मग पोरांना उतरवलं. तल्हाचा गुडघा आदल्या दिवशी खरचटलेला. तो पाण्यात गेला आणि त्याने जी किंकाळी फोडली ती विमानतळावर ऐकू गेली असेल. इनायाने दोन घोट गिळले आणि सकाळचा नाश्ता टाकीला परत केला. उझमा बहिणीला काढायला उतरली, तिच्या डोळ्यांत पाणी गेलं, ती आंधळ्यासारखी चाचपडत ओरडायला लागली, "दादी, आँखें जल रही हैं!" आणि वर येऊ म्हणतात तर येता येईना. वासावर भिंतीवरून मांजरं उतरलेली. आसपासच्या वाळवंटातली झाडून सगळी, काठावर ओळीने बसलेली, पंगतीला बसावीत तशी. तल्हाला पाण्यापेक्षा मांजराची भीती जास्त.

वाडीचा राखणदार उस्मान चटगावचा, बिचारा भला माणूस. पोरांचा आक्रोश ऐकून त्याला वाटलं, कुणीतरी बुडतंय. बायकांत आत यायचं कसं? म्हणून त्याने शहाणपणा केला. बाहेरूनच टाकी रिकामी करायचा मोठा नळ सगळा उघडला. पाणी भसाभस उतरलं, पोरं तळाला उभी राहिली, वाचली. पण तो नळ सुटतो हिरवळीवर आणि खजुरीच्या आळ्यांत.

नबील परतला तेव्हा टाकी रिकामी, पोरं पांढरी, मांजरं ओली आणि सून मला न विचारता सामान बांधत होती. त्याने तळाशी उरलेल्या डबक्यात बोट बुडवून चाखलं.

"अम्मी, तू काय केलंस?"

"चव आणली," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक लागला.

पुढच्या शुक्रवारापर्यंत हिरवळ पापडासारखी झाली. मालकाने नबीलला बोलावून घेतलं, गहवा म्हणजे त्यांची कॉफी पाजली, खजूर पुढे केले, आणि फार अदबीने सांगितलं की आईला समुद्र हवा असेल तर जेद्दाहला ने, माझ्याकडे आणू नकोस. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

पोरांचं म्हणाल तर इनाया आता अंघोळीची बादली आधी चाखते, मग रडते. तल्हा न्हाणीघरात जायला तयार नाही. नबीलने गावाचं एकच तिकीट काढलं, माझं. पोरांसाठी घेतलेले ईदेचे कपडे तेवढे मी बॅगेतून काढून कपाटात ठेवले.

काल गावाहून माझ्या जावेचा, जोहराचा फोन. विचारते, भाभी, पोरं येतायत ना? गेल्या वर्षी बुडालेला तो शिकला का पोहायला?

मी पदर सावरून बसले.

"नाही गं येत. मोठ्या टाकीत शिकवलं ना मी, त्यांना आता खारं पाणी सोसत नाही."

यात खोटं एक अक्षर असेल तर दाखवा.