साडेसातला बेपत्ता होणारे सेक्रेटरी

माझ्यासारखा गुप्तहेर शतकातून एखादाच जन्माला येतो, आणि या शतकातला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर राहतो. हे मी स्वतःहून कोणाला सांगत नाही, म्हणून दारावर पाटी लावली आहे: 'गुप्तहेर. काखेतला कळसा शोधून मिळेल.' पोटासाठी माझं चष्म्याचं दुकान आहे. म्हणजे लोकांना नीट दिसावं हा माझा धंदा आणि लोकांना दिसत नाही ते मला दिसावं हा माझा छंद. माझी नजर घारीची, कान सशाचे आणि स्मरणशक्ती हत्तीची. बायको म्हणते, एवढी जनावरं घरात असून उतू जाणारं दूध कोणालाच कसं कळत नाही.

जुन्या गुप्तहेरांना पायांच्या ठशांमागे गुडघे झिजवावे लागत. मला सोफ्यावरून उठावंही लागत नाही. कोण ऑनलाइन कधी होतं, नकाशावर कोणाचा ठिपका कुठे आहे, सगळं मोबाईलवर दिसतं. दुकान बंद करून घरी आलो की झोपेपर्यंत मी तपासात असतो.

एका रविवारी दुपारी सेक्रेटरीवहिनी आल्या. त्यांचे यजमान आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. पाणी आलं नाही, लिफ्ट अडकली, कोणाची गाडी कोणाच्या जागेत लागली, की सगळ्यांचे फोन त्यांना.

"भाऊजी, हे रोज संध्याकाळी साडेसातला फोन घरी ठेवून बाहेर जातात. साडेआठला परत येतात."

"विसरत असतील."

"रोज? बाथरूममध्येसुद्धा फोन नेणारा माणूस?"

मी ताठ बसलो. हल्लीच्या काळात माणूस घर सोडून गेला तर समजू शकतं. फोन सोडून गेला म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

"विचारून पाहिलंत?"

"पाय मोकळे करायला जातो म्हणतात. पिशवी घेऊन कोण पाय मोकळे करतं?"

"परत येतात तेव्हा कसे दिसतात?"

"डोळे लाल. डोळ्यांभोवती गोल वळ. केस ओले, अंगाला औषधासारखा वास. आल्या आल्या भूक भूक करतात. आणि खूश असतात हो! गुणगुणत असतात!" 'खूश' म्हणताना त्यांना रडू फुटलं. "मला भांडायचं नाही, भाऊजी. मी त्यांना नकोशी झालेय का, एवढंच कळू दे."

त्या गेल्यावर बायको कप उचलत म्हणाली, "पोहायला जातात ते. आजच सांगा तिला, रडतेय बिचारी."

"तुला काय माहीत?"

"अहो, मी रोज..."

तेवढ्यात माझा फोन टुणकन वाजला. एक संशयित ऑनलाइन आला होता. मी मान वर केली तोवर बायको बाल्कनीत टॉवेल वाळत घालत होती. रोज एक जास्तीचा टॉवेल धुते. काही बायकांना धुण्याची हौसच असते.

पोहायला! इतकं सोपं उत्तर गुन्हेगाराला शोभत नाही. मी माझे तर्क सुरू केले. लाल डोळे म्हणजे रडणं. अश्रू केसांपर्यंत जायला माणसाला उताणं झोपून रडावं लागतं, म्हणजे सेक्रेटरी रोज कुठेतरी जाऊन उताणे रडत होते. पण मग गुणगुणणं? हा तर्क बारगळला. गोल वळ दुर्बिणीचे असणार. रोज तासभर दुर्बीण लावणारा माणूस पाळतच ठेवत असणार, म्हणजे सेक्रेटरीही गुप्तहेर! एका सोसायटीत दोन गुप्तहेर या कल्पनेने माझं जेवण गेलं. मग औषधाचा वास आठवला आणि जीव भांड्यात पडला. गुप्त प्रयोगशाळा, दुसरं काय!

वहिनींच्या परवानगीने मी सेक्रेटरींचा ठिपका माझ्या नकाशावर आणला. साडेसातला ठिपका त्यांच्या सोफ्यावर. आठला सोफ्यावर. साडेआठलाही सोफ्यावर. माणूस अट्टल होता.

आठवडा असाच गेला. तेवढा तासभर त्यांचा फोन वहिनी उचलत. 'कुठे गेलेत?' या प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणून त्यांचं तोंड दुखलं. वर्षानुवर्षं संसार करून नवरा कुठे आहे ते सांगता येत नाही, हे त्यांना फार लागलं. आता तर जिन्यात लोक कुजबुजायलाही लागले होते. शेवटी मला गुप्तहेरीतला जुनाट, अघोरी उपाय करावा लागला. मी त्यांच्यामागून चालत गेलो.

दोन गल्ल्या ओलांडून सेक्रेटरी एका बैठ्या इमारतीत शिरले. काउंटरवरची बाई मला म्हणाली, "फोन इथे जमा करा. आत चालत नाही." फोन आणलाच नाही असं सांगून मी तिकीट काढलं. फोन टोपीखाली होता.

आत निळ्या फरशांचा तलाव होता. एरवी खांदे कानापर्यंत चढवून फिरणारे सेक्रेटरी पाण्यावर उताणे पडले होते. लांबलांब हात मारत पलीकडे जायचे, वळायचे, परत यायचे. चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू होतं. तासभर त्यांना कोणी लिफ्टचं विचारणार नव्हतं. पुराव्यासाठी मी फोन काढला आणि पूर्ण तलाव फोटोत यावा म्हणून एक पाऊल मागे सरकलो. मागे जमीन असते, असा माझा आजवरचा अनुभव होता.

पण मागे दुसरा तलाव होता. मी दोनदा खाली गेलो. तिसऱ्यांदा एका बाईने माझी कॉलर धरून मला सराईतपणे काठाशी आणलं. डोक्यावर रबरी टोपी, डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा. चष्मा आमच्याच दुकानातला, हे मी बुडतानाही ओळखलं.

"उपकार झाले, ताई," मी म्हणालो.

तिने चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, ताई काय?"

बायको होती.

"तू इथे? कधीपासून?" मी पाणी थुंकत विचारलं.

"वर्ष झालं. रोज सांगून निघते. मी 'जाते हं' म्हणते, तुम्ही 'हं' म्हणता."

"पण कुठे जातेस ते..."

"ते तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

तेवढ्यात सेक्रेटरी धावत आले आणि मला पाहून पांढरे पडले. "घरी सांगू नका हो! आमच्या हिला खोटं बोलता येत नाही. कोणी विचारलं तर पोहायला गेलेत म्हणून सांगेल, आणि पाचव्या मजल्यावाले इथे काठावर येऊन टाकीचं गळणं सांगतील."

"तिला वाटतंय, ती तुम्हाला नकोशी झालीय," बायको म्हणाली.

सेक्रेटरींनी अंगही पुसलं नाही, शर्ट उलटा घातला आणि घराकडे पळाले.

दुसऱ्या संध्याकाळी वहिनी आल्या. हसत होत्या. "काल सगळं सांगितलं त्यांनी. आत्ताच पाचव्या मजल्याचा फोन आला, कुठे गेलेत म्हणून. म्हटलं, माहीत नाही. पहिल्यांदाच खोटं बोलले, भाऊजी. बरं वाटलं!" आणि माझ्या खांद्यावरून आत बघत बायकोला म्हणाल्या, "तुमच्यामुळे हो."

पाटी माझी आणि श्रेय तिला. असो.

माझा फोन तांदळाच्या डब्यात वाळत होता. मी रिकाम्या हातांनी सोफ्यावर बसलो होतो. घड्याळाचा आवाज येत होता. बायकोच्या चष्म्याची फ्रेम बदलली होती. कधी बदलली, विचारायची लाज वाटली.

"जाते हं."

"कुठे?" मी विचारलं.

एक चप्पल पायात, एक हातात, अशी ती दारात थांबली.

"गुप्तहेर ना तुम्ही?" ती म्हणाली. "या शोधत."

ती गेली. दारामागच्या खुंटीवर तिच्या पिशवीच्या जागेशेजारी आणखी एक पिशवी लटकत होती. मी ती उघडली. आत टॉवेल होता आणि पोहण्याचा चष्मा, माझ्या नंबरचा. पिशवीवर वर्षभराची धूळ होती, म्हणजे वर्षभर ती माझ्या 'कुठे?'ची वाट बघत होती. आयुष्यात एवढा एक तर्क मी बरोबर केला.