तुकाअण्णांचा मेलेला तारा

आमच्या दहिवलीतले तुकाअण्णा कुणाकडेही गेले की आधी पंख्याकडे बघतात, मग माणसांकडे. "तीनशे वीस. कंडेन्सर गेलाय," म्हणतात आणि मग बसतात. रसायनीच्या कारखान्यात उभा जन्म पंप दुरुस्त केले. फिरणारी वस्तू दिसली की तिचे मिनिटाचे फेरे सांगितल्याशिवाय या माणसाला चैन पडत नाही.

अलीकडे मोबाईलवर त्यांना एक तारा सापडला आणि आमचे ग्रह फिरले. मोठ्या ताऱ्याचा स्फोट होऊन उरलेला गोळा म्हणे. फिरून फिरून दमलेला, मेल्यात जमा. पण अगदी खेटून एखादा जोडीदार तारा असला, तर हा त्याच्या अंगावरचं ओढून घेतो आणि परत गरगरायला लागतो. "मिनिटाला नाय रं, सेकंदाला शेकडो फेरे." भाजीवालीपासून सरपंचापर्यंत सगळ्यांचं हे ऐकून झालंय. माझ्या पुतण्याच्या लग्नात कुणीतरी शहाण्यानं यांच्या हातात माईक दिला. म्हणाले, "मेलेला तारा तरना व्हतो, पन जोडीदार वाळत जातो. कुनाकुनाचा तर पार उडून जातो. दोघांना शुभेच्छा." पाठवणीला तासभर होता, नवरी तिथंच रडायला लागली.

मी तणतणत त्यांच्या बायकोकडे, सुमनवहिनींकडे गेलो. म्हटलं, यांना आवरा आता. तेव्हा त्यांनी सांगितलं. अण्णांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. डायलिसिसला पनवेलला जातात, आणि गावात सांगतात नातेवाइकांकडे गेलो होतो. वहिनींची किडनी जुळतेय, त्या द्यायला तयार आहेत, पण अण्णा घ्यायला तयार नाहीत. ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही करा म्हटलं की तारा सांगतात.

मला माझीच लाज वाटली.

पुढच्या खेपेला मीच त्या दोघांना गाडीतून नेलं. चौक गाव मागे पडलं तसं अण्णांनी पुन्हा सुरू केलं: जोडीदार वाळतो, झिजतो, संपतो. वहिनी मांडीवरचा डबा सांभाळत सगळं ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "अवो, त्या जोडीदाराला कोनी इचारलं का, तुला द्यायचं हाय का म्हनून?"

अण्णांनी तिच्या मांडीवरचा डबा आपल्या मांडीवर घेतला.

दवाखान्यात वहिनी केसपेपर काढायला रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा अण्णांनी माझ्याकडे पेन मागितलं. खिशातून घडी घातलेला संमतीचा कागद काढून मांडीवर पसरला.

"तिला लई दुखंल रं," म्हणाले, आणि सही केली.