सुगुणाक्का वाट बघतात

सुगुणाक्कांकडे कॉफीला गेलात, तर कॉफी लगेच मिळेल अशा भ्रमात राहू नका. कॉफी येते. पितळी पेल्यात, वर दोन बोटं फेस असलेली, वास थेट मेंदूत जाणारी. पण ती येऊन अक्कांच्या पुढ्यात थांबते. मग अक्का भुवया किंचित वर करून, हसतमुखानं तुमच्याकडे बघत बसतात.

नाशिकहून तमिळ मुलखात बदली होऊन आम्ही वेस्ट मांबलमच्या या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आलो, त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या अक्कांनी बोलावलं होतं. मी आधी हवेबद्दल बोललो. मग बँकेबद्दल. कॉफीवर साय धरली. शेवटी माझी बायको मुग्धा न राहवून म्हणाली, "अक्का, कॉफी घेऊ का?"

"शाबास! किती छान मागितलींत कॉफी!" अक्का टाळ्या वाजवत म्हणाल्या आणि पेला तिच्यापुढे सरकवला. मग माझ्याकडे वळून पुन्हा भुवया वर.

मीही मागितली. मलाही शाबासकी मिळाली. बँकेत सोळा वर्षं काढलेल्या माणसाला शाबासकीची सवय नसते. मी चक्क लाजलो.

अक्कांचं घराणं तंजावरच्या मराठ्यांपैकी. त्यांची मराठी ऐकली की जुन्या बखरीवर कुणीतरी रसम सांडलंय असं वाटतं. वय साठीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, आणि धंदा ऑटिझम असलेल्या मुलांना बोलतं करण्याचा. बोलतं म्हणजे तोंडानंच असं नाही. हातानं, चित्रानं, बोटानं, कसंही. पण आपल्याला काय हवं ते दुसऱ्याला सांगता आलं पाहिजे. बिहेवियर थेरपिस्ट ही पाटी त्यांच्या पुढच्या खोलीच्या दारावर आहे. पण पाटी खोलीपुरती, थेरपी अख्ख्या वेस्ट मांबलमला.

रिक्षावाल्यानं मीटर टाकला की अक्का मागून तमिळमध्ये ओरडणार, "वा! न सांगतां मीटर टाकलांत!" नुसतं शाबास म्हणून भागत नाही, कशाबद्दल शाबास ते तिथल्या तिथे सांगावं लागतं, हा त्यांचा नियम. कोपऱ्यावरचा एक तापट रिक्षावाला आता त्यांना दारापर्यंत सोडतो आणि क्षणभर थांबतो. कशासाठी, ते सगळ्यांना माहीत आहे. आमचा वॉचमन तर त्या दिसल्या की उगीचच झाडांना पाणी घालू लागतो.

आम्हीही सुरुवातीला हसायचो. पण आमची ओवी चार वर्षांची होती आणि एकही शब्द बोलत नव्हती. ऑटिझमचं निदान नाशिकलाच झालं होतं. आम्ही तिला अक्कांकडे पाठवायला लागलो.

पहिल्याच आठवड्यात अक्का आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. ओवी फ्रिजजवळ उभी राहिली. मुग्धानं दूध दिलं. ओवीनं खिडकीकडे पाहिलं. मी पडदा सारला. अक्का वहीत रेघा मारत होत्या.

"मुलीस तहान लागायच्या आधीं तुम्ही पाणी आणतां," त्या म्हणाल्या. "मग तिनं कशास सांगावें, तंबी?"

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मी, बेचाळीस वर्षांच्या तंबीनं, सारलेला पडदा पुन्हा ओढून घेतला.

ओवीला साबणाचे फुगे फार आवडायचे. अक्का फुगे सोडायच्या आणि मध्येच थांबायच्या. तेच हसू, त्याच भुवया. समोर फुग्यांचं चित्र असलेलं कार्ड. ओवीचा हात नुसता चुळबुळला तरी मुग्धा मागून तो हात धरून कार्ड अक्कांच्या तळहातावर ठेवायची, आणि लगेच फुग्यांचा पाऊस. रडवायचं नाही, तंगवायचं नाही, हा दुसरा नियम. दीड महिना हे चाललं. मुग्धाचा धीर सुटत आला होता. एकदा जिन्यात ती मला म्हणाली, "आपण त्या बाईंना साबण पुरवतोय, एवढंच होतंय."

मग एका मंगळवारी मुग्धा हात पुढे करायच्या आत ओवीनं कार्ड उचललं, अक्कांच्या हातात कोंबलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. अक्कांनी इतके फुगे सोडले की त्यांना खोकल्याची उबळ आली. मुग्धा भिंतीला टेकून रडत होती. मी मात्र, काय करावं ते न सुचून, अक्कांना म्हणालो, "शाबास! किती छान थांबलात!" त्या चक्क लाजल्या.

फुग्यांनंतर दूध, झोका, बाहेर अशी कार्डं आली. आणि एक दिवस अक्कांनी लाल फुलीचं नवं कार्ड काढलं. "हें 'नको'चें."

मी वैतागलो. "अक्का, आत्ता कुठे पोर चार गोष्टी सांगायला लागली. तिला नकार कशाला शिकवताय? आधी 'हवं'चे शब्द तरी वाढू द्या."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, नेहमीसारखं थांबल्यात. पण भुवया खालीच होत्या.

"माझा भाऊ आहे. वेंकू," त्या म्हणाल्या. "तंजावरास, वहिनीपाशीं. छप्पन्न वर्षांचा. एक शब्द बोलला नाहीं कधीं."

आम्हाला हे ठाऊकच नव्हतं.

"आईस त्याचें सगळें न सांगतां कळायचें. ती गेली. मग एकदा तो डोकें भिंतीवर आपटूं लागला. चार दिवस. आम्ही ओरडलों, नवस केले, दोन माणसांनीं धरून ठेविलें. पांचव्या दिवशीं गाल सुजला, तेव्हां कळलें, दाढ दुखत होती." त्या कार्डाची कड बोटानं गुळगुळीत करत होत्या. "तेव्हां मी शाळेंत गणित शिकवीत होतें. ती नोकरी सोडली आणि हें शिकलें. पण तोंवर त्याचें वय फार झालें, असें सगळे म्हणत."

"मग?" मुग्धानं विचारलं.

"दर महिन्यास जातें. केसरी करून नेतें." केसरी म्हणजे तिकडचा तुपाळ शिरा. "आणि कार्डें. तो कार्डें बघत नाहीं, केसरी खातो. तीस वर्षें खातो. मज वाटे, निदान हें तरी त्याच्या आवडीचें करतें मी."

अक्का हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"गेल्या महिन्यांत मी डबा उघडला. त्यानें कार्डांत हात घातला, हें लाल फुलीचें काढलें आणि माझ्या हातावर ठेविलें. मी पुन्हा चमचा पुढें केला. त्यानें पुन्हा ठेविलें. नको! तीस वर्षें त्यास आवडत नव्हती, तंबी! बिचारा माझ्यासाठीं गिळीत होता!"

मी मुकाट्यानं ते कार्ड ओवीच्या कार्डांच्या वहीत लावलं. तिनं संध्याकाळीच ते माझ्या हातात दिलं, मी गात होतो तेव्हा.

पुढच्या शनिवारी अक्का तंजावरला निघाल्या. पिशवी जड होती म्हणून मी मांबलम स्टेशनपर्यंत गेलो. पिशवीत चार डबे होते: दहीभात, लिंबूभात, वडे आणि एका डब्यात नुसत्या केळ्याच्या चकत्या. वेंकूला काय आवडतं, हे छप्पन्नाव्या वर्षी शोधायचं होतं.

गाडी येताना दिसली तसं मी विचारलं, "आणि अक्का, चारही नको म्हणाला तर?"

"तर काय?" अक्का पिशवी माझ्या हातातून घेत म्हणाल्या. "चार वेळां बोलेल नव्हे माझ्याशीं!"