सहा मुठी मीठ

आमचे शेजारी मारुतीतात्या चौगुले दिसेल त्या गोऱ्या परदेशी माणसाला काकडी खायला घालतात.

काकडी म्हणजे कोशिंबीर नव्हे. मिठाच्या पाण्यात शेपू आणि लसूण टाकून पाच-सहा दिवस आंबवलेली आखूड, पिवळट काकडी. ती त्यांच्या घरी चिनी मातीच्या बरणीत बारा महिने तयार असते. गेल्या अठरा वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत ती चौदा परदेशी लोकांनी खाल्ली. त्यातले नऊ पोलंडचे होते. उरलेल्या पाचांत दोघे दूध डेअरीची यंत्रं बसवायला आलेले, एक चपला घ्यायला आलेली बाई आणि दोघे रस्ता चुकलेले. तात्यांना फरक पडत नाही. "खा की पावणं, लाजू नगासा," म्हणत ते बशी पुढं करतात आणि पाहुण्याच्या तोंडाकडं टक लावून बघतात.

हे सगळं वळिवड्यात चालतं, म्हणून थोडं सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात घरदार सुटलेले पोलंडचे काही हजार लोक, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ इथं येऊन राहिले होते. पाचेक वर्षं राहिले. बराकी, चर्च, शाळा, दवाखाना, सिनेमा, सगळं गावच वसलं होतं. पुढं ते गेले, फाळणीनंतर सिंधी लोक आले, आणि आता तिथं गांधीनगरची कापडपेठ आहे. बराकी अगदी थोड्या उरल्यात. तात्यांच्या लेखी मात्र एकही पडलेली नाही. वीज कंपनीत मीटर रीडिंग घेण्यात त्यांची सगळी नोकरी झाली, त्यामुळं बोळन् बोळ पायाखालचा. त्यांना पत्ता विचारला की ते साडीचं दुकान सांगत नाहीत. "चर्चवरनं फुडं जावा, शाळेच्या अंगाला वळा," असं सांगतात. चर्च नाही, शाळा नाही. माणूस तासाभरानं पुन्हा त्यांच्याच दारात येतो.

मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीचं काम करतो. मूळचा गडहिंग्लजचा. तात्या मला मोजणीसाहेब म्हणतात. एकदा मी त्यांच्या सांगण्यावरून एक उरलेली बराक टेपनं मोजली आणि त्यांनी पाहुण्यांना सांगितलेली लांबी सव्वादोन मीटरनं जास्त आहे असं सांगितलं. ते म्हणाले, "तुमची टेप आटलीया."

तात्या बसत नाहीत. सत्तरी आली, पण पायाला भिंगरी. सकाळी गेट ते रस्ता, रस्ता ते स्टेशन, स्टेशनवरून परत. गाडीतून कुणी उतरतंय का बघायचं. चहासुद्धा उभ्यानं, अर्धा आमच्या दारात, अर्धा त्यांच्या. अठरा वर्षांत ते आमच्या घरात खुर्चीला टेकलेले मी पाहिलेले नाहीत. माझी बायको म्हणायची, "तात्या, खुर्ची काय चावतीया काय?" ते म्हणायचे, "कोण आलं आन् मी दिसलो न्हाय तर?"

दर रविवारी नवी बरणी भरायची. कोण कधी येईल सांगता येत नाही, म्हणून. आणि जुनी बरणी गल्लीत वाटायची. सोमवारी आमच्याकडं वाडगा येतो. पहिली दोन वर्षं आम्ही खायचा प्रयत्न केला. मग बायकोनं शोध लावला की एक काकडी चिरून आमटीत टाकली तर आमटीला वेगळं मीठ लागत नाही. तेव्हापासून आमची सोमवारची आमटी पोलंडची असते.

शेवंताकाकू, तात्यांच्या मंडळी, यावर फारसं बोलत नाहीत. एकदाच म्हणाल्या, "लगीन करून आले तवापास्नं सवत बरणीत बसलीया."

ही सवत आली तात्यांच्या आईकडून. आई लहानपणी पोलंडच्या लोकांच्या क्याम्पात दुधाचा रतीब घालायच्या. तिथली झोफिया नावाची एक बाई, आई तिला सोफाबाई म्हणायच्या, ही काकडी घालायची. एकमेकींची भाषा येत नव्हती. सोफाबाईनं आईचा हात धरून मिठाच्या पोत्यात घातला, मूठ भरायला लावली, बरणीत सोडायला लावली आणि बोटं दाखवून सहापर्यंत मोजलं. पाच लिटर पाणी, सहा मुठी मीठ. पुढं एक दिवस क्याम्प रिकामा झाला. जाताना सोफाबाईनं बरणी आईला दिली. ती हीच.

आईंनी आयुष्यभर काकडी घातली, आणि दर वेळी चाखून एकच वाक्य म्हणाल्या, "चांगली हाय, पर ती न्हवं." मी स्वतः ते कितीदा तरी ऐकलंय. हात थकल्यावर मूठ तात्यांकडं आली. आई खाटेवरून चाखायच्या. "चांगली हाय, पर ती न्हवं." सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या. तेव्हापासून ती न्हवं असं सांगणारंही कुणी उरलं नाही, आणि तात्यांचं स्टेशनवर जाणं दिवसातून दोनदाचं चारदा झालं. खरी काकडी खाल्लेल्या माणसाकडून त्यांना एवढंच ऐकायचं होतं, की हीच ती.

पाहुणे काय, गोड हसायचे, छान म्हणायचे. तात्यांना ते पटायचं नाही. "त्वांड ग्वाड बोलतंय," ते मला म्हणायचे, "खरं न्हाय बोलत." माझ्याही लक्षात आलं होतं की प्रत्येकजण काकडीनंतर दोन ग्लास पाणी पितो. पण मी बोललो नव्हतो. शेजार होता.

गेल्या फेब्रुवारीत एक बाई आल्या. पासष्टीच्या. त्यांची आई लहानपणी या क्याम्पात होती. सोबत पुण्याचा एक दुभाषा. तात्यांनी त्यांना चर्च दाखवलं, म्हणजे एक गोडाऊन. शाळा दाखवली, म्हणजे पार्किंग. मग घरी आणून बशी पुढं केली. बाईंनी एक घास खाल्ला आणि चावायच्या थांबल्या. काही बोलल्या.

दुभाषा म्हणाला, "खूप छान आहे म्हणतात."

"ते ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "खरं सांगा म्हणावं. मी रागवत न्हाय."

दुभाष्यानं विचारलं. बाईंनी तात्यांकडं बघितलं, पाण्याच्या ग्लासाकडं बघितलं, आणि उत्तर दिलं.

"शेपू, लसूण, आंबटपणा, सगळं त्यांच्या आईच्या हातचं आहे म्हणतात. फक्त मीठ फार आहे. दुपटीच्या वर आहे."

"मीठ आईच्या मापाचं हाय," तात्या म्हणाले. "सा मुठी. आईची मूठ खोटी काढतीया व्हय ही?"

दुभाष्यानं हे सांगितलं नाही, असं त्यानंच मला नंतर कबूल केलं. बाईंनी विचारल्यावर एवढंच म्हणाला, की तात्या आभार मानतायत. तात्या चप्पल घालून निघूनच गेले. रागावणार नव्हते. बाई ओशाळल्या. जाताना त्यांनी काकूंच्या मिसळणाच्या डब्याशेजारचा मोठा चमचा उचलून दाखवला: लिटरला एक, शिगोशीग भरून.

तात्या संध्याकाळी आले ते थेट माझ्या दारात. किती चालले होते कुणास ठाऊक, पायाला धूळ होती.

"मोजणीसाहेब, तुमचा काटा घ्या. मोजा."

मी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन त्यांच्याकडं गेलो. तात्यांनी मूठ भरून मीठ ठेवलं. बासष्ट ग्रॅम. सहा मुठींचे तीनशे बहात्तर. मग काकूंनी मूठ भरली, त्यांचा हात साधारण सासूबाईंच्या हाताएवढा. पंचेचाळीस. मग तो चमचा, शिगोशीग. तेहेतीस. पाच लिटरला एकशे पासष्ट. भागिले सहा.

"साडेसत्तावीस ग्रॅम," मी म्हणालो. "तात्या, ही मोठ्या माणसाची मूठच नव्हे."

"म्हंजे बाई खोटं बोलली."

"थांबा. आई क्याम्पात दूध घालायच्या तेव्हा किती वर्षांच्या होत्या?"

"नऊ. कवा कवा आठ म्हणायची."

हिशेब इतका सोपा होता की मला माझीच लाज वाटली. माप आईच्या मुठीचं होतं हे खरंच. पण हात वाढत गेला आणि सहाचा आकडा तेवढाच राहिला. आई वयात आल्यापासून मीठ जास्त घालत आल्या, तात्यांनी त्याच्या वर घातलं, आणि दोघंही सांगितल्याप्रमाणंच करत होते.

तात्या उंबऱ्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. काकू आत जाऊन ट्रंकेतून एक कापडी पुरचुंडी घेऊन आल्या. तिच्यात सासूबाईंची त्याच वयातली चांदीची बांगडी होती, काळी पडलेली. काकूंनी ती तात्यांच्या हातात दिली. तात्यांनी ती हातात घालायचा प्रयत्न केला. त्यांची तीनच बोटं आत गेली, तीही मधल्या पेरापर्यंत.

"एवढीच व्हती व्हय ती," ते म्हणाले. "एवढ्या हातानं किटली वडत न्यायची?"

काकू म्हणाल्या, "दोन मैल."

"मी तिला म्हातारीच बघितली की. मला वाटायचं, म्हातारी हट्ट करतीया."

त्यांनी बांगडी ताटात ठेवली आणि तिच्यात चिमटीनं मीठ सोडलं, काठोकाठ, वर थोडी शीग. माझा हात सवयीनं काट्याकडं गेला.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," तात्या म्हणाले. "ह्ये मोजू नगासा."

मी काटा बंद केला. तात्यांनी पाच लिटर पाणी घेतलं आणि त्या बांगडीनं सहा वेळा मीठ घातलं. काकड्या, शेपू, लसूण. बरणीला फडकं बांधलं.

"आता ही ती असली," ते फडक्याची गाठ आवळत म्हणाले, "तर सांगायचं कुणाला?"

काकूंनी चहा टाकला. बाहेर स्टेशनात संध्याकाळची गाडी आली, थांबली आणि गेली. तात्यांनी मान वर केली नाही. बरणीशेजारच्या पाटावर ते टेकले होते, बोटांत बांगडी होती, आणि चहा त्यांनी तिथंच बसून प्यायला.